चौतीस अंगुळांच्या डोक्याची हकीकत

श्री मस्तकेश्वर राखता. शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, वैशाख वद्य दशमीस लिहिले ऐसे जे, आपण पुसिले की पणजाचे डोकीवर साठ हात कापड होते आणि आमचे डोकीवर टीचभर टोपी राहिली, तर मधले कापड गेले कोठे. कापड कोठे गेले नाही. डोकी गेली. ती कशी गेली ते स्वस्थ बसून ऐकावे, आणि ऐकून कोणास सांगू नये.

या राज्याचे मूळपुरुष थोर पराक्रमी. त्यांचे मस्तक सुतळीने मोजिले ते चौतीस अंगुळे भरले, आणि मग रिवाज पडिला की गादीवर नवा धनी बसला म्हणजे पगडबंदाने येऊन मस्तक मोजावे, त्या मापाचे सागवानी डोके घडवावे, त्यास कालबूत म्हणावे, पगडी त्यावर बांधावी आणि कालबूत पगडबंदाचे घरी फळीवर पिढ्यानपिढ्या जतन करावे. दुसरा रिवाज ऐसा की रयतेत कोणाचे शिरोभूषण धन्याहून मोठे नसावे. मूळपुरुषांचे काळी याचा जाच कोणास जाहला नाही, कारण तेवढे डोके दुसरे नव्हतेच. मग चिरंजीव बसले ते बत्तीस भरले, आणि रयतेने आपापली पगडी दोन अंगुळे उतरविली. मग नातू बसले ते तीस, आणि पणतू बसले ते एकोणतीस, तेही तेल न लाविता केस फुगवून. आता रयतेची डोकी तर होती तेवढीच राहिली, ती तासता येईनात, म्हणून कापड तासले. साठ हातांचे चाळीस जाहले, चाळिसांचे बारा, मग पगडी जाऊन रुमाल आला, रुमाल जाऊन टोपी आली, आणि टोपीही ऐसी की शिंक येण्याआधी हाताने धरावी. मोठ्या डोक्याची माणसे कमरेत वाकून चालू लागली आणि लोक म्हणू लागले, काय विनय, काय विनय. मुली पाहावयास गेले तर आधी मुलीचे बापाचे डोके पाहात. मोठे असले तर सोयरीक मोडत, कारण नातू त्या डोक्याचा निपजला तर दरबारी चाकरी मिळणार कशी.

मग हल्लीचे धनी गादीवर आले ते सव्वीस भरले. माप घेणारा भिवजी पगडबंद, पाचवे पिढीचा, हात ऐसा की लाकडास कळू नये आपण कापले गेलो. त्याने सुतळी दोनदा धरिली आणि मुकाट्याने सव्वीस सांगितले.

पुढे शके सोळाशे एकाहत्तरात गादीचा उत्सव मांडिला आणि आज्ञा जाहली की पाचही कालबुते दरबारात ओळीने ठेवावी, रयतेने धन्यांचे कूळ डोळे भरून पाहावे. कारभारी अंताजीपंत आठ दिवस आधी भिवजीचे घरी आले आणि फळीकडे पाहून खालीच बसले. थोर भोपळ्यापासून लिंबापर्यंत उतरण लागली होती. पंत धूर्त. त्यांनी पाणी मागितले, पान मागितले, बायकामुलांची खुशाली पुसिली, आणि मग बोलिले, "भिवजी, ओळ चढती पाहिजे. बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, आणि मग आपले धनी."

भिवजी बोलिला, "पंत, लाकूड माझे आहे. माप माझे नाही."

पंत बोलिले, "आणि घर कोणाचे आहे?"

घर सरकारी इनामाचे होते. पंतांनी जाता जाता सांगितले की तासलेला भुसा पोत्यात भरून दाखवावयास आणावा, कारण कारागीर लोक फार भावनेचे असतात.

आता भिवजीचे मनात काय आले ते ऐकावे. तीन पिढ्यांची कालबुते त्याने रडत तासली. मूळपुरुषांचे मात्र तासवेना, की हे एक माप गेले तर माणसाचे डोके केवढे असते हे पुन्हा कोणास कळणार नाही. मग त्याने नवा ओंडका आणिला, त्यातून बावीस अंगुळांचे डोके कोरिले, तेल पाजिले, धूर दिला, किड्याची दोन भोकेही टोच्याने पाडिली, आणि ते ऐसे जुने जाहले की मूळपुरुषांनी स्वतः पाहिले असते तर टाळू चाचपली असती. भुसा त्याच ओंडक्याचा पोत्यात भरिला. खरे डोके चिंध्यांत बांधून कणगीत जोंधळ्याखाली पुरिले. मुलगा राखमाजी तेव्हा चार वर्षांचा, आणि त्याचे तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून त्यास कळू दिले नाही.

उत्सव थोर जाहला. नारळाएवढे मूळपुरुष पाहून रयतेचे डोळे पाणावले की एवढ्याशा डोक्याने केवढे राज्य केले, आणि हल्लीच्या धन्यांकडे पाहून लोक म्हणाले, वाढ जाहली हो, वाढ जाहली. पंतांनी ओळ दरबारातच ठेवून घेतली आणि भिवजीस शेला दिला. भिवजी मनात हसला की तुम्हास बनविले.

मग वीस वर्षे गेली. राखमाजी पगडबंद जाहला, म्हणजे टोप्या शिवू लागला, आणि दरबारातल्या ओळीवरून माप शिकला. भिवजीची दृष्टी गेली, हात कापू लागले, आणि त्यास वाटले की आता ठेव सोपवावी. त्याने लेकास कणगीपाशी नेले, जोंधळा उपसविला, चिंध्या सोडविल्या.

राखमाजी बोलिला, "हे काय, आबा?"

"मूळपुरुष."

राखमाजीने सुतळी लाविली. चौतीस भरले. त्याने पुन्हा लाविली, आणि मग कणगीस टेकून पोट धरून हसला. "आबा, एवढे डोके माणसाचे असते का? म्हैस बांधायचा खुंटा आहे हा."

भिवजीने पंतांची गोष्ट सांगितली, ओंडका सांगितला, धूर सांगितला, भोके सांगितली. राखमाजी बोलिला, "ती भोके मी रोज पाहतो. किड्याचीच आहेत. तसे काम माणसाचे हातून होत नाही."

म्हाताऱ्याने सुतळी ओढून घेतली आणि स्वतःचे डोक्यास लाविली. "मोज. माझे किती?"

"एकतीस," राखमाजीने पाहून सांगितले, आणि त्याचे हसू गेले. काळजीने बापाचे कपाळ चाचपिले. "आबा, सूज आहे ही. उद्या वैद्यास आणितो."

वैद्य आला. सव्वीसाची टोपी घातलेला तो गृहस्थ, त्याने सूज कबूल केली आणि लेप दिला. डोक्यावरून कढत पाणी घ्यावे ऐसे सांगितले. सुनेने, चिमाबाईने, न्हाणीचे चुलीस जळण शोधिले तो कणगीपाशी जुने सागवान पडलेले दिसले. शंभर वर्षांचे वाळके लाकूड, दोन घावांत फुटले आणि धूर न करिता पेटले. तिने सासऱ्यास पाटावर बसविले आणि पाणी ओतीत पुसिले, "मामंजी, सोसते ना?"

म्हाताऱ्यास दिसत नव्हते, परंतु सागाचा वास पाच पिढ्यांचे नाकास कळतो. तो बोलिला, "सोसते, पोरी. ओत."

सातवे दिवशी सूज उतरली नाही, भिवजी गेला. तिरडीवर त्यास टोपी बसेना, म्हणून मागून चिरून बसविली.

येणेप्रमाणे टोप्यांची हकीकत आहे. तात्पर्य इतकेच की पंतांचे खोटे पंतांनी घडविले असते तर दोन पावसाळ्यांत तडकले असते. ते चांगल्या कारागिराने, धन्यास फसविल्याच्या आनंदात, जीव ओतून केले, म्हणून खऱ्यापेक्षा खरे जाहले आणि अजून दरबारात आहे. पाहावयास जाणाराने चौकटीत वाकून जावे. लेखनास पूर्णविराम.