टेबल नंबर चार संरक्षित आहे

एखाद्या गोष्टीचे संरक्षण करावे असे सरकारच्या मनात आले, की त्या गोष्टीच्या सवयी बदलतात. नागझिऱ्यातल्या वाघाला हे सर्वांत आधी कळले. पूर्वी तो वाटेल तेव्हा, वाटेल त्याला दिसत असे. संरक्षित झाल्यापासून तो ऑनलाइन बुकिंग केलेल्यांना दिसत नाही. (बुकिंग न केलेल्यांना अजूनही धानाच्या बांधीत दिसतो, पण ते दर्शन अनधिकृत समजावे.) वाघाच्या यशानंतर, पुष्कळ विचार करून, दुसरा जीव हाती घेण्यात आला. तो म्हणजे टिप.

साकोलीजवळ महामार्गाला लागून ‘हॉटेल चूलबंद’ आहे. अकरा टेबले, एक कूलर आणि मालक पुंडलिकराव. तिथला सर्वांत जुना वेटर गुलाब. गुलाबच्या व्यवसायाचे भांडवल म्हणजे त्याचे हसू. ते गेल्या वर्षी अर्धे बुडाले. बडीशेप सादळली की नाही हे पाहण्यासाठी त्याने चिमूटभर तोंडात टाकली, तिच्यात सुपारीचे खांड निघाले आणि वरचे पुढचे दोन दात हॉटेलच्या सेवेत कामी आले. तेव्हापासून गुलाब हसला की गिऱ्हाईक बिल मागू लागे.

साकोलीच्या दाताच्या डॉक्टरने दोन दातांचे सहा हजार सांगितले. मार्चमध्ये मुलीचे, प्रतिक्षाचे, साक्षगंध होते, म्हणजे साखरपुडा. पाहुणे सानगडीचे. फोटोत आपण मोकळ्या तोंडाने हसावे, एवढीच गुलाबची इच्छा होती. माणसाच्या इच्छा मोठ्या नसल्या, तरी त्या तोंडावर दिसतात.

आता जुनी पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून नव्या पद्धतीची थोरवी कळणार नाही. गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत नोट ठेवून जाई. गुलाब ती गल्ल्याजवळच्या स्टीलच्या डब्यात टाके. हॉटेल बंद करताना पुंडलिकराव डबा उघडत आणि वाटप करीत. आधी फुटलेल्या ग्लासांचे कापत, मग जनरेटरच्या डिझेलचे, मग डब्यावर दिवसभर नजर ठेवल्याबद्दल स्वतःच्या देखरेखीचे. उरलेले चार वेटर, पोळ्या लाटणाऱ्या पार्वताबाई आणि भांडेवाले यांच्यात समान वाटत. वाटून झाल्यावर ‘बरोबर आहे ना?’ असे न चुकता विचारत. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचे असल्याने ते बरोबर असे.

हा अन्याय दूर करण्यासाठी बक्षिसी व वेतन संरक्षण अधिनियम आला. बातमी कळली त्या दिवशी गुलाबने पावभर पेढे आणले. टिप पुरी मिळाली तर मार्चच्या आत दात बसतात, असा त्याचा हिशेब होता. पेढा पुंडलिकरावांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला, पण गिळायला वेळ लावला.

कायद्यापाठोपाठ भंडाऱ्याहून संरक्षण निरीक्षक भुपेंद्र साहेब जीपमधून आले. साहेब अत्यंत प्रामाणिक होते. चहाचे पैसे स्वतः दिले, वर पाच रुपये बशीत ठेवले आणि ते उचलायला गुलाब पुढे होताच त्याचा हात धरला.

कलम तीन असे होते : बक्षिसी ही संबंधित कामगाराची अनन्य मालमत्ता असून, इतर कोणीही तिला हात लावल्यास तो गुन्हा होय. यात कोणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच, की संबंधित कामगार कोणता? वाढले गुलाबने हे खरे. पण गिऱ्हाईक पार्वताबाईंच्या पोळीवर खूश झाले असेल तर? ताट स्वच्छ होते म्हणून भांडेवाल्याला दिले असेल तर? कूलरची हवा आवडली असेल तर? (कूलर कामगार नाही, असे वरिष्ठांचे मार्गदर्शन नंतर मिळाले.) तेव्हा ज्याने टिप ठेवली त्याने स्वतः येऊन, नमुना ‘ब’ मध्ये, ती कोणासाठी ठेवली हे लिहून देईपर्यंत गुलाबसुद्धा ‘इतर कोणीही’ ठरत होता. आणि महामार्गावरचे गिऱ्हाईक जेवण झाल्यावर थेट देवरीच्या पुढे निघून गेलेले असते.

तोपर्यंत टिप जिथे ठेवली तिथेच राहील. बशीवर पार्वताबाईंची पिठाची चाळणी पालथी घालण्यात आली, म्हणजे टिपेला हवा मिळेल आणि हात मिळणार नाही. टेबलाला धक्का लागून पुरावा हलू नये म्हणून त्या टेबलावर जेवण बंद झाले. साहेबांच्या पाच रुपयांमुळे टेबल नंबर चार हे जिल्ह्यातले पहिले संरक्षित टेबल ठरले. त्यावर तशी पाटी लागली. पाटीसोबत गुलाबचा फोटो काढण्यात आला, त्यात त्याला तोंड मिटायला सांगितले.

कलम चार त्याहून सूक्ष्म होते. बक्षिसी स्वेच्छेने दिलेली असावी. वेटरने हसणे, ‘अजून काही देऊ का’ असे गोड विचारणे, लेकराला लाडाने ‘राजा’ म्हणणे, ही सर्व ग्राहकाच्या इच्छेवर दडपणे होत. वेटरांनी चेहरा सपाट ठेवावा, असा आदेश निघाला. साहेबांनी एकेकाला हसून दाखवायला लावले. गुलाबचे हसू त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले आणि शेरा मारला : ‘दडपण आढळले नाही. सूट देण्यात येते.’ मात्र दात बसवल्यास सूट रद्द होईल, हेही त्यांनी माणुसकीच्या नात्याने आधीच सांगून ठेवले.

दोन महिन्यांत अधिनियमाने जी प्रगती केली ती आकड्यांतच पाहावी. एकूण टेबले अकरा. पैकी गाभा क्षेत्र सहा, जिथे कोणीही बसू नये. त्यांना लागून असलेले बफर क्षेत्र तीन, जिथे चहा चालेल पण थाळी चालणार नाही. सर्वसामान्य जनतेस जेवणासाठी खुली टेबले दोन. मालकाने टिप खाण्याचे प्रकार पूर्वी रोज एक, आता शून्य. ही शंभर टक्के घट पाहायला शेजारच्या जिल्ह्यातून अभ्यासदौरा आला. त्यांनी बफरमध्ये चहा घेतला, भारावून जाऊन प्रत्येकी दहा रुपये ठेवले आणि त्यामुळे बफरचे एक टेबल गाभ्यात गेले.

मध्यंतरी वीसच्या एका नोटेचा कोपरा उंदराने नेला. वन्यप्राण्यामुळे झालेल्या नुकसानीचा रीतसर अर्ज गेला. तो परत आला. उंदीर संरक्षित प्राण्यांच्या यादीत नव्हता. नोट होती.

गिऱ्हाईक कमी झाले म्हणून पुंडलिकरावांनी दोन वेटर घरी पाठवले. पगाराला त्यांनी हात लावला नाही, कारण पगारही संरक्षित होता. ज्याला पगारच नाही त्याच्या पगाराला धोका नसतो, हे त्यांना कायदा वाचून समजले.

जानेवारी सरत आला तेव्हा पार्वताबाईंना राहवले नाही. त्या परातीत पीठ मळता मळता म्हणाल्या, “गुलाबभाऊ, आधी मालक अर्धे खाये, अर्धे आपल्याले भेटे. आता कोणी खात नाही तं आपल्यालेबी भेटून नाही राहिले. हे कसं होय?”

गुलाबने दुसऱ्या दिवशी साहेबांना गाठले. साहेब गाभा क्षेत्रातल्या चाळण्या तपासत होते.

“साहेब, पैसे माहेच आहेत ना?”

“शंभर टक्के तुमचेच.”

“मंग मले हात काहून लावू देत नाही?”

“गुलाबभाऊ, दुसऱ्याचे असते तर आम्ही कायले सांभाळले असते?”

मग गुलाबने साक्षगंधाचे सांगितले, दातांचे सांगितले, आणि पुरावा म्हणून थोडे हसूनही दाखवले. साहेबांना खरोखर वाईट वाटले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वरिष्ठांना लिहिले आणि एक अपूर्व योजना मंजूर करून आणली : ज्यांनी ज्यांनी हॉटेल चूलबंदमध्ये टिप ठेवली, त्या सर्वांना जाहीर आवाहन. येऊन, किंवा मोबाइलवरून, किती ठेवली आणि कोणाला ठेवली एवढेच सांगावे. त्याच दिवशी बशा मोकळ्या.

प्रतिसाद अभूतपूर्व होता. आपल्या जिल्ह्यात एवढी दानत असेल असे पुंडलिकरावांनाही वाटले नव्हते. जवाहरनगरहून मनिष नावाचे गृहस्थ पत्नी डिंपल आणि मुलगी टीना यांना घेऊन खास गाडी करून आले. त्यांनी पन्नास रुपये लिहिले. डिंपलताईंनी लगेच दुरुस्ती केली, “पन्नास कुठे, शंभर ठेवले होते ना तुम्ही, मी तेव्हाच म्हटलं काहून एवढे.” शंभर लिहिले गेले. टीनाने, बाबांनी दहाचे नाणे ठेवले होते, असे काहीतरी सुरू केले होते, पण तिला कुल्फी घेऊन देण्यात आली. एका निवृत्त मास्तरांनी आपण दरवेळी बिलाच्या दहा टक्के ठेवतो असे कळवले. आपले एकट्याचे बिल त्यांनी सोळा चहांचे लिहिले होते. कित्येकांनी तर हॉटेल कोणत्या बाजूला आहे हे विचारून मग टिपेची रक्कम सांगितली. एका ट्रक ड्रायव्हरने मात्र ‘काही ठेवले नव्हते’ असे लिहून पाठवले. त्याचा नमुना अपूर्ण म्हणून परत करण्यात आला.

एकाही माणसाला आपण ठेवले त्यापेक्षा कमी आठवले नाही. आणि सगळ्यांनी, पार्वताबाईंच्या दुर्दैवाने, गुलाबचेच नाव दिले, कारण हॉटेलातले तेवढेच एक तोंड त्यांच्या लक्षात होते.

साक्षगंधाच्या पाच दिवस आधी साहेबांच्या समक्ष चाळण्या उचलल्या. ग्राहकांनी सांगितलेली एकूण बक्षिसी : अठ्ठेचाळीस हजार सहाशे पन्नास. बशांत मिळालेली : अकराशे चाळीस, एक शर्टाचे बटण, दोन गोळ्या आणि कुठल्याशा लकी ड्रॉचे कूपन.

तफावत सत्तेचाळीस हजार पाचशे दहा.

नागरिक खोटे बोलतात असे गृहीत धरायला कायद्यात तरतूद नव्हती. म्हणजे टिपेची चोरी झाली होती. बशांजवळ कायम वावर एकाच माणसाचा होता. साहेबांनी टिपेच्या चोरीबाबतचे कलम नऊ पुन्हा पुन्हा वाचले आणि डोळे पुसले. आरोपी गुलाब होता आणि पीडितही गुलाबच. सुदैवाने अधिनियम पीडिताच्या बाजूने अत्यंत खंबीर होता. ‘कमी पगाराच्या कामगाराचा एक पैसाही बुडू देणार नाही,’ असे साहेब म्हणाले आणि ते त्यांनी खरे केले. सत्तेचाळीस हजार पाचशे दहा रुपये गुलाबच्या पगारातून दरमहा कापून गुलाबच्याच संरक्षित खात्यात जमा करायचे ठरले. खाते चोरीचा निकाल लागल्यावर उघडेल. अकराशे चाळीस मुद्देमाल म्हणून भंडाऱ्याला गेले. बटणसुद्धा.

“म्हणजे मीच मले देऊन राहिलो?” गुलाबने विचारले.

“आणि पूर्ण,” साहेब म्हणाले. “मालकासारखं कापून नाही.”

साक्षगंध झाले. विक्की फोटोग्राफर खुर्चीवर उभा राहून म्हणत होता, “काकाजी, थोडं हासा ना, पोरीचं साक्षगंध आहे.” गुलाबने ओठ घट्ट मिटून मान हलवली. सानगडीच्या पाहुण्यांमध्ये व्याही फार गंभीर आणि वजनदार माणूस आहे, असे मत पडले. फोटो झाल्यावर प्रतिक्षा हळूच जवळ आली आणि, “बाबा, तुमी रागावले का?” असे विचारले.

“नाही वो बाई,” गुलाब म्हणाला. “लय खुश आहो. तोंड बंद ठेवून खुश आहो.”

योजनेचे यश पाहून आवाहनाची मुदत बेमुदत वाढवण्यात आली आहे. नोंदणी अजून चालू आहे. आपणही कधीतरी नागझिऱ्याला जाताना किंवा रायपूरहून येताना साकोलीजवळ जेवला असाल, गरिबाबद्दल आपल्याला कळवळा आहेच, आणि हे सगळे वाचताना त्या वेळी बशीत आपण किती ठेवले होते याचा एक आकडा आपल्या मनात येऊन गेला असेल. चांगला गोल आकडा. तो कोणाला सांगू नका. गुलाबचा पगार महिन्याला नऊ हजार आहे, आणि त्यातून आता आणखी आपल्या दानतीचे कापणे त्याला झेपणार नाही.