अर्ध्या दाढीचा फोटो

पळता क्षण पकडायला नशीब लागतं म्हणणाऱ्यांनी भौतिकशास्त्र शिकलेलं नसतं. मी शिकलोय! अंतर मोजायचं, कॅमेरा आधीच लावून ठेवायचा आणि क्षण आपल्या पायांनी समोर आला की बोट दाबायचं. बस्स!

रस्त्यावरच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस. सकाळीच प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला.

"सर, सणकून ताप आलाय."

"मी मीटिंगमध्ये आहे. झोप!"

ताईचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि बाजाराच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. उभा कसला! तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचत होतो. इकडे वळलो की तिकडे काहीतरी घडायचं!

तेवढ्यात फळवाल्या मावशी किंचाळल्या, "अगं बाई, नगरपालिकेचा माणूस! अतिक्रमणाचे फोटो काढतोय!"

"मावशी, मी नाही त्यातला!"

"हो, कडी लाव आतली!"

झालं! फूटपाथवरचं सामान भराभर आत जायला लागलं. टोपल्या, फळ्या, शिंप्याचा बिनडोक्याचा पुतळा! न्हाव्याने तर खुर्चीच उचलून धूम ठोकली. गळ्यात पांढरं कापड, अर्ध्या गालावर फेस अशा अवस्थेत गिऱ्हाईक तिच्यामागे धावलं.

"अरे, माझी दुसरी बाजू!"

हाच तो क्षण! खट्! अप्रतिम!

फेसातला चेहरा माझ्याकडे वळला. साहेब!

"ताप उतरला वाटतं?"

"सर... मीटिंग संपली?"

साहेबांनी गळ्यातलं कापड सावरलं. फेस तेवढा ओघळत होता.

"दाखव फोटो."

दाखवला. नोकरी गेलीच म्हणायची! साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"छे! तोंड उघडं आलंय. पुसून टाक. पुन्हा काढ!"

"सर, पळता क्षण पुन्हा कसा..."

"उद्या कामावर यायचंय ना?"

पुसला!

मग "हा नगरपालिकेचा नाही, माझ्या प्रयोगशाळेतला आहे!" असं ओरडून साहेबांनीच सगळ्यांना परत बोलावलं आणि सूत्रं हाती घेतली. मावशी डोक्यावर टोपली घेऊन, शिंपी पुतळ्याला कवटाळून, न्हावी खुर्ची उचलून. स्वतः साहेब एक पाय हवेत ठेवून, ओठ मिटून, मंद हसत धावण्याच्या पवित्र्यात.

"कोणी हलायचं नाही!" साहेब गरजले.

अख्खा रस्ता श्वास रोखून थांबला. शिंपी कोणता आणि पुतळा कोणता, ओळखू येईना!

शेवटी तोच फोटो पाठवला. त्यात खरंच कोणी हललेलं नाही.

तरी सगळे धूसर आलेत. हात माझा थरथरत होता ना!