तिसरा पुकारा

"एक वार... दोन वार..."

हा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती वडलांच्या लिलावाला लागलेल्या संत्र्यांच्या पेटीवर बसली होती आणि ते शेजारी उभे राहून नखं खात होते. घाऊक फळबाजाराची ती उंच पत्र्याची शेड, पायाखाली चिरडलेल्या सालींचा वास, आणि सगळ्या गलक्यावर तरंगत येणारा तो आवाज. भरदार, पण कडेकडेने मऊ, जुन्या रजईसारखा. 'दोन वार' म्हणून तो थांबला. इतका थांबला की पत्र्यावरचे पारवेसुद्धा खाली डोकावून बघायला लागले. शेवटी मागच्या एका चष्मेवाल्या व्यापाऱ्याला राहवेना, त्याने आपणहून बोली वाढवली, तेव्हा कुठे आवाज म्हणाला, "तीन वार." परतताना ट्रकमध्ये वडील सारखे म्हणत होते, माणसाला मालाची कदर आहे. मग काहीतरी निमित्त काढून ते बाजारात जात राहिले, आणि वर्ष उलटायच्या आत त्यांनी तिचं लग्न त्याच माणसाशी लावून दिलं.

बाजारात त्याला सगळे 'तीनवार' म्हणत. लग्नानंतर तिला कळलं की तो आवाज बाजारातच मुक्कामाला असतो, घरी येत नाही. घरी यायचा तो नुसता माणूस. हो म्हणायचं तर मान खाली, नाही म्हणायचं तर भुवई वर, जेवणात मीठ कमी असेल तर ताटाकडे जरा जास्त वेळ बघणं. ती कावून म्हणायची, "अहो, बोलायला काय पैसे पडतात का?" तो गळ्याभोवती मफलर गुंडाळत उत्तर द्यायचा, "गळा बाजाराचा आहे. घरी उधळला तर उद्या काय पुकारू?" सबंध संसारात त्याने घरात उच्चारलेलं हेच सगळ्यात लांबलचक वाक्य, आणि तेही कामाचंच.

मग तो गळाच बिघडला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. हॉस्पिटलात बोलण्याचे धडे देणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी चार दिवस बसून तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू. एक सॉफ्टवेअर आहे, त्याचे महिन्याला पैसे भरावे लागतात, पण पुढे तुम्ही जे टाइप कराल ते तुमच्याच आवाजात बोलून दाखवेल. त्याने महिन्याचा आकडा विचारला. ऐकून म्हणाला, एवढ्यात तर माझ्या वतीने बोलायला एक माणूस ठेवता येईल.

जावयानेही त्याचीच री ओढली. जावई शाळेत भूगोल शिकवायचा आणि जगात कुठे काय फुकट मिळतं याचा नकाशा त्याला तोंडपाठ होता. "बाबा, असली ढीगभर ॲप फुकट पडलीत," तो म्हणाला. "पैसे देतात ते येडे." सासरा आणि जावई यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते हे.

ऑपरेशन झालं. गळ्याला एक छिद्र राहिलं, त्यावर जाळीचा रुमाल आला आणि हातात फोन आला. त्याने पहिल्यांदा टाइप केलं, "पाणी दे." फोनमधून एक विशीतली मुलगी, विमानतळावर सूचना द्यावी तशा गोड आवाजात म्हणाली, "पाणी दे." भांडं घेऊन आलेली ती दारातच थबकली. फुकटात आवाज एकच होता, हाच. पुरुषाचा हवा तर पैसे.

तिने त्या आवाजाचं नाव 'बया' ठेवलं. बया घरात राहायला आली ती आपल्या अटींसह. तीन वाक्यं झाली की ती एक जाहिरात म्हणायची. दिवसभराच्या अक्षरांनाही मर्यादा होती. ती ओलांडली की बया म्हणायची, "आजची मोफत मर्यादा संपली. उद्या पुन्हा भेटू या!" आणि गप्प.

त्याचा मूळचा स्वभाव आणि बयेच्या अटी यांचं छान जमलं. पाणी दे यातलं 'दे' त्याने काढून टाकलं. मुलीचा फोन आला की 'बरा' एवढंच. नवराबायकोच्या भांडणाची मात्र पंचाईत झाली. एकदा बिघडलेल्या पंख्यावरून जुंपली. तो तावातावाने टाइप करतोय, बया लाडात म्हणतेय, "तुला अक्कल नाही. कितीदा सांगितलं. पंखा मीच दुरुस्त करणार. गुडघे दुखतात? आजच मागवा, पहिली बाटली निम्म्या किमतीत!" तिचे गुडघे खरोखरच दुखत होते. तिने ते मनावर घेतलं, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शेजारची काकू भिंतीपलीकडून सगळं ऐकायची. ती भेटल्यावर म्हणाली, या वयात सवत आणलीस गं घरात, आणि तीही किती गोड बोलणारी.

ती हसली. हसणं सोपं होतं. पण एका दुपारी ती कपडे वाळत घालत होती, आणि त्याचा मफलर दोरीवर टाकताना सवयीने तिने मनात त्याचं ते वाक्य म्हणून पाहिलं. गळा बाजाराचा आहे. तर ते तिला बयेच्या आवाजात ऐकू आलं. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा बया. तिने डोळे मिटले, पेटी आठवली, सालींचा वास आठवला, पारवे आठवले. एक वार, दोन वार. सगळं आलं, फक्त आवाज आला नाही. ओला मफलर हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. माणूस आत खोलीत होता, धडधाकट नसला तरी होता, आणि त्याचा आवाज तिच्या मनातूनही निघून चालला होता.

तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्याजवळ येऊन बसला. गेल्या खेपेला डॉक्टर 'बघू या' म्हणाले होते, आणि ते 'बघू या' तेव्हापासून घरात पाय पसरून बसलं होतं. त्याने बराच वेळ फोन हातात फिरवला. मग बया म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं. आजची मोफत मर्यादा संपली. उद्या पुन्हा भेटू या!"

सकाळी ती त्याच्या आधी उठली, चहा ठेवला आणि समोर बसून विचारलं, "काय सांगायचं होतं?" त्याने खिडकीबाहेर पाहिलं. टाइप केलं. "विसरलो," बया म्हणाली. ज्याला वीस वर्षांपूर्वीच्या पेरूचा भाव आठवत होता तो माणूस विसरला म्हणे. तपासणीत डॉक्टर पुन्हा 'बघू या'च म्हणाले.

त्यानंतर काटेवाला गेला. बाजारातल्या वजनकाट्यावर त्याने उभा जन्म काढला होता आणि तीनवारबरोबर रोज पहाटे एकाच किटलीतला चहा प्यायला होता. बाजाराच्या शेडमध्येच शोकसभा ठेवली. सगळे म्हणाले, तीनवार, तुम्ही दोन शब्द बोललेच पाहिजेत.

त्याने सकाळपासून एक अक्षर खर्च केलं नाही. जेवताना खुणा, औषधाला खुणा. सगळी अक्षरं मित्रासाठी राखून ठेवली. रिक्षात बसल्यावर मुलीने काळजीने विचारलं, "बाबा, गोळी घेतली का? दुखतंय का? रुमाल बदललात का?" आणि त्याचा संयम सुटला. बया म्हणाली, "घेतली. आता मला कोणीही काहीही विचारू नका, कारण उत्तर द्यायला माझी अक्षरं खर्च होतात आणि ती मला तिथे लागणार आहेत." अक्षरं वाचवायची हे सांगण्यात त्याने त्या दिवशीची अर्धी अक्षरं घालवली.

शेड गच्च भरली होती. पुढे काटेवाल्याचा फोटो, त्याच्या बाजूला त्याची बायको. तीनवार उभा राहिला आणि माइकपाशी फोन धरला. बयेचा गोड आवाज पत्र्याखाली घुमला, "आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो. त्याने मापात कधी खोट केली नाही. असा माणूस आता पुन्हा मिळणार नाही." आणि श्वासही न घेता, "घाई करा, साठा मर्यादित! एकावर एक मोफत!"

कोणीतरी खोकला. तीनवारने घाईघाईने पुढचं बटण दाबलं. "वहिनी, त्याने शेवटच्या दिवशी मला तुमच्याबद्दल एक सांगितलं होतं. ते असं की, आजची मोफत मर्यादा संपली. उद्या पुन्हा भेटू या!"

पहिली हसली ती काटेवाल्याची बायकोच. पदर तोंडावर धरून ती गदगदा हलत राहिली. मग सगळी शेडच खदखदली, हमाल, व्यापारी, सगळे, आणि हसता हसता तिचं रडणं सुरू झालं ते कोणाला आवरेना. "ते असते तर लोळले असते," ती शेजारणीला सांगत होती. पण हे तीनवारने ऐकलं नाही. ज्या शेडमध्ये त्याच्या एका थांबण्यावर शेकडो माणसं श्वास धरायची, ती शेड आज त्याला हसत होती, एवढंच त्याने पाहिलं. त्याने एका कागदावर काटेवाल्याचा निरोप लिहून वहिनींच्या हातात दिला आणि मागच्या दाराने निघून गेला.

घरी येऊन त्याने फोन कपाटात कपड्यांखाली घातला. मानेने हो, भुवईने नाही. मग मानही हलेनाशी झाली.

ती उठली ती थेट हॉस्पिटलातल्या त्या बाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर अजूनही आहे, पण आता त्याला आवाज कुठून देणार? जुनं काही रेकॉर्डिंग असेल तर आणा. घरी येऊन तिने आणि मुलीने सगळं धुंडाळलं. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो सर्वत्र होता, खुर्च्या उचलताना, पाहुण्यांना वाढताना, एकदा कोपऱ्यात डोळे पुसताना. बोलताना कुठेही नाही. नातवाच्या वाढदिवसाला सगळे गात होते आणि तो नुसत्या टाळ्या वाजवत होता. आवाजाची काटकसर त्याने इतकी चोख केली होती की शिल्लक शून्य.

मग तिला बाजार आठवला. चष्मेवाला व्यापारी अजून तिथेच बसत होता. त्याच्या चष्म्याची काच जाड झाली होती आणि तीनवारवरचा राग तसाच ताजा होता. तिने काम सांगितलं तसा तो तडकला. "रेकॉर्डिंग? ढीगभर आहे. फोन घेतला तेव्हापासून याचा एकेक लिलाव टिपून ठेवलाय. कधीतरी पकडीन म्हणून." तो पुढे झुकला. "तुमच्या वडलांच्या संत्र्यांपासून माझा याच्यावर डाउट आहे, वहिनी. दोन वार आणि तीन वार यांच्यात माणूस जेवून येईल एवढा वेळ. मला फुकटची बोली वाढवायला लावली. त्यालाच विचारा एकदा." मग तो चष्मा पुसत बसला. "आता नवा कोणी पुकारतो," तो जरा वेळाने म्हणाला. "भांडायला मजा नाही." आणि सगळं रेकॉर्डिंग त्याने देऊन टाकलं.

जावई अजून खचला नव्हता. आवाज स्वच्छ करायचं फुकट ॲप आहे म्हणाला, आणि रात्रंदिवस खपून त्याने जे बनवलं त्यात पेट्या आपटल्याचे आवाज स्वच्छ ऐकू येत होते, हमालांच्या शिव्या तर फारच स्वच्छ, आणि त्यांच्यामागे विहिरीच्या तळाशी कोणीतरी कण्हत होतं. घर रंगवायला ठेवलेले पैसे तिने मुलीच्या हातात दिले. जावई पुटपुटला, "आई, पण भिंतींचे पोपडे..." ती म्हणाली, "भिंती काय, गप्पच असतात."

पैशाच्या सॉफ्टवेअरने तांदळातून खडे वेचावेत तसा त्या गोंगाटातून एकच आवाज वेचून काढला. त्या बाईंनी सगळं जोडून दिलं. तिने फोन कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवला आणि कुठून काय आणलं ते सांगितलं, चष्मेवाल्याच्या रागासकट. त्याने फोन जवळ ओढला. मग एका बोटाने टाइप केलं.

"किती पडले?"

तोच तो. भरदार, कडेकडेने मऊ. पण लिलावातूनच शिकलेला, त्यामुळे त्याला साधं बोलताच येत नव्हतं. 'किती'वर चढला, 'पडले'वर घुमला, आणि पलीकडे काकूंनी धाडकन खिडकी उघडली. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी काही घासायची नव्हती.

तो मागोमाग आला. "पाणी वाया जातंय," आवाज शेडभर पुकारावा तसा गरजला. ती रडता रडता हसली आणि नळ बंद केला. त्याने पुन्हा फोनवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"लिहा सावकाश," ती म्हणाली. "आता अक्षरं मोजायची नाहीत."

तो ओट्याला टेकून लिहीत राहिला. ती पदराने हात पुसत थांबली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग त्याने फोन तिच्या आणि आपल्या मध्ये धरला.

"चष्मेवाल्याचं खरं आहे. त्या दिवशी बोली केव्हाच संपली होती. तिसरा पुकारा मीच धरून ठेवला. तू पेटीवर बसली होतीस. तीन वार म्हटलं असतं, तर पेटी उचलली असती, आणि तू उठून गेली असतीस."