खसाची ताटी आणि मुका रेडिओ

सासऱ्यांना अकोल्याहून बोलावून घ्यायचं, हे कमलाकांत मास्तरांनी आंघोळ करताना ठरवलं आणि तिथेच घात झाला.

सासरे मोरोपंत हे अकोल्याचे नामांकित वकील. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "मुलगा मास्तर आहे. असो." (तो 'असो' मास्तरांना अजून रात्री उचकी देतो.) आता नागपूर आकाशवाणीवर मास्तरांचं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं भाषण लागणार होतं. विषय, 'ऐकण्याची कला'. आज तो 'असो' सासऱ्यांना परत घ्यायला लावायचा, असा बेत होता.

मोरोपंत आले, खिडकीपाशी आरामखुर्चीत टेकले. अमरावतीचा उन्हाळा, पण खिडकीला बांधलेल्या ओल्या खसाच्या ताटीतून झुळूक येत होती. मास्तरांनी ऐटीत बटण फिरवलं. रेडिओचा दिवा लागला, आवाज मात्र नाही. नुसती खरखर. काटा या टोकाचा त्या टोकाला नेला, डोक्यावर थापा मारल्या, शेवटी मास्तरांनी त्याला वर्गातल्यासारखा दम भरला.

"तुला काय कमी केलं होतं? लायसन्स वेळेवर, वर क्रोशाचा रुमाल. आणि आजच वाचा बसली? आधी एक शब्द सांगता येत नव्हता?"

"जावईबापू, मुका झाला तो झाला. होण्याआधी काय म्हणत होता ते बघू," मोरोपंत म्हणाले. "साक्षीदार कोण?"

"मी," मास्तरांची बायको चारुशीला म्हणाली. "सोमवारी सकाळी नागपूर स्वच्छ लागत होतं. दुपारी एकदम खरखर. मी यांना सांगितलं, हे म्हणाले, बरं. मंगळवारी सांगितलं, म्हणाले, हो हो. काल सांगितलं तर म्हणाले, तुला यंत्रातलं काय कळतं."

"साफ खोटं. मला या घरात कोणी काही सांगतच नाही," मास्तर कडाडले.

"सोमवारी दुपारी काय घडलं?" वकिलांनी विचारलं.

"यांनी ताटी बांधली. सुतळी पाण्यानं कुजते म्हणून गच्चीवरची तांब्याची तार कापून आणली. बिनकामाची लोंबते म्हणाले. मी म्हटलं, अहो, ती रेडिओची एरियल..."

सगळे ताटीकडे बघू लागले. बांधली मात्र पक्की होती.

चूक स्वतःची निघाली की मास्तरांचा आवाज दुप्पट होतो. त्यांनी सुतळीवाल्याचा उद्धार केला, तारवाल्याचा केला, थेट उन्हापर्यंत पोचले. मग तरातरा जाऊन त्यांनी तारेचे वेढे सोडले. ओलीचिंब ताटी सबंधच्या सबंध मोरोपंतांच्या अंगावर आली.

खिडकी मोकळी झाली. बोळापलीकडच्या खिडकीत शेजारच्या गोदाबाई उभ्या होत्या.

"मास्तर, आमच्या रेड्योत तुमचंच भाषण लागलं होतं जी. सारी गल्ली आयकाले बसली होती," त्या म्हणाल्या. "पण इकडून तुमीच इतके वरडून राहिले होते, का तिकडचं काईच आयकू नाई आलं. आता तं सरलं. काय होतं त्याच्यात?"

मास्तरांनी आशेनं सासऱ्यांकडे पाहिलं. मोरोपंतांनी टोपी पिळली, मिशीतली खसाची काडी काढली.

"असो," ते म्हणाले.