नाव ठेवणारे मामंजी

आमचे मामंजी एकदा न्हाव्याच्या दुकानातून अर्धीच दाढी करून घरी आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचा पंचा, आणि पाठीमागून वस्तरा हातात घेऊन धावत येणारा खुद्द न्हावी. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मारामारी झाली. तसं काही नव्हतं. मामंजींना कादंबरीचं नाव सुचलं होतं आणि दुसरा गाल होईपर्यंत ते डोक्यात टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं आणि उरलेली दाढी आमच्या तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, बसून करून घेतली. दुपारच्या कॉफीपर्यंत ते नाव रद्द झालं होतं.

मी बार्शीची. लग्न करून तंजावरला आले तेव्हा मनात म्हटलं, सासर मराठी आहे, निदान भाषेचा तरी ताप नाही. इथं येऊन बघते तो, घरात देवनागरी वाचणारी मी एकटी. मराठा राजांबरोबर आलेली ही मंडळी. मराठी जिवापाड जपलेली, पण चाल तमिळ आणि लिपीही तमिळ. घरची पत्रं, किराणाच्या याद्या, देवाची आरतीसुद्धा मराठी शब्द आणि तमिळ अक्षरं अशी लिहिलेली. तमिळ लिपी मोठी काटकसरी. क, ख, ग, घ या चौघांत मिळून एकच अक्षर. त, थ, द, ध तेच. प, फ, ब, भही तेच. ज्याला शब्द माहीत आहे तो बरोबर वाचतो, बाकीच्यांनी देवावर हवाला ठेवायचा.

मामंजी, म्हणजे माझे सासरे व्यंकटराव, चाळीस वर्षं तार ऑफिसात होते. लोकांची लग्नं, बाळंतपणं, मरणं त्यांनी आठ-आठ शब्दांत बसवली, आणि नवव्या शब्दाचा त्यांना मनापासून राग. मी म्हणायची, “मामंजी, जेवायला चला, पानं वाढलीत.” की बोट वर. “शब्द वाढला! ‘चला’ म्हटलं की पुरे की.” कुणी काही लांबण लावली की त्यांचं ठरलेलं, “सुरुक्कमा सांग, सुरुक्कमा!” म्हणजे थोडक्यात सांग. सासूबाईंशी तर सगळा संसार ‘आलो’, ‘वाढ’ आणि ‘पुरे’ या तीन शब्दांत झाला होता.

असा माणूस रिटायर झाल्यावर अकरा वह्या भरून कादंबरी लिहितो, याला काय म्हणावं? मराठी कादंबरी, अर्थात तमिळ अक्षरांत. कशाबद्दल आहे, विचारलं तर म्हणायचे, “ते सांगिटलं तर नावाची काय गरज?” कीळवासलच्या मुरुगेसनच्या छापखान्यात तिच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळले. जुळाऱ्यांना अक्षरं ओळखीची, पण शब्द एक कळेना. हे काहीतरी मंत्र असावेत असं समजून बिचारे चपला काढून काम करत. आतली पानं छापून झाली. राहिलं मुखपृष्ठ आणि पहिलं पान, कारण नाव ठरलं नव्हतं.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. मामंजी सकाळी नाव ठेवायचे आणि दुपारी त्यालाच नावं ठेवायचे. पायाला चाक लागल्यासारखे हिंडायचे. दूधवाल्याला विचार, मीटर वाचायला आलेल्याला विचार, कोपऱ्यावरच्या नव्या एसटीडी बूथमध्ये फोनसाठी ताटकळणाऱ्यांना विचार. एकदा तिरुवैयारुच्या बसमध्ये सगळ्या प्रवाशांचं मत घेता घेता उतरायचं राहिलं, ते भलत्याच गावी भाताच्या बांधावर उतरून चालत आले. आल्या आल्या तक्रार एकच. “चांगली नावं सगळी मिठाईवाल्यांनी आणि कल्याणमंडपवाल्यांनी नेली ग सुनंदे! आपल्याला काय उरलं?”

पण शेवटचा निकाल सासूबाईंचा. मामंजींचा नियम होता की चिठ्ठी खिळ्याला लावायची, सांगायचं काही नाही, आणि “हिनं बिनचूक वाचलं की ठरलं.” सासूबाईंना दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय होतीच.

पहिली चिठ्ठी होती ‘दूर’. सासूबाईंनी कढईवरून मान वर केली आणि वाचलं, “तूर? डबाभर आहे की अजून.”

“तुरीवर कोण कादंबरी लिहील?” मामंजी कडाडले.

“का लिहू नये म्हणते मी? रोज सांबार लागतं की तुम्हाला.”

मग ‘धार’ आली. कावेरीची धार. सासूबाईंनी ‘तार’ वाचलं आणि छातीला हात लावला. “अय्यय्यो! कोण गेलं?” शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली, तिला समजावून परत पाठवण्यात सकाळ गेली. ‘गोडी’ची झाली ‘कोडी’, म्हणजे तमिळमधला कोटी. “कोटी? कुणाला लागली लाटरी?” आणि ‘नवा भात’चं काय झालं ते लिहायलाही संकोच वाटतो. भ चा प झाला, त चा द झाला, आणि ते सासूबाईंनी नेमकं श्राद्धाला आलेल्या गुरुजींच्या देखत खणखणीत वाचलं. गुरुजींना ठसका लागला. सासूबाई तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेल्या. मला वाटलं, लाजेनं.

“मामंजी, देवनागरीत छापा ना,” मी कळवळून म्हटलं. “त्यात असला घोळ होत नाही.”

“आणि वाचणार कोण? तू एकटी? एका वाचकासाठी कोण पुस्तक छापतं काय?”

त्यांचं बरोबर होतं.

मार्गळीचा, म्हणजे पोंगलच्या आधीचा महिना लागला आणि मुरुगेसन स्वतः सायकलवरून घरी आला. मामंजी कुठल्यातरी नावामागे गेलेले, सासूबाई देवळात. मला म्हणाला, अम्मा, मी खिळे विकतोय, संगणक आणि झेरॉक्सचं मशीन येतंय, त्याला जागा हवी. तुमच्या सासऱ्यांना चार वेळा सांगून झालं. भोगीपर्यंत नाव आलं तर पुस्तक होईल. भोगीला मी जुनं सगळं बाहेर काढणार. ती पानं आणि वह्या बज्जीवाल्याकडे जातील, भजी बांधायला. भोगीला जुनं बाहेर काढायचंच असतं, त्यात त्याचा दोष नव्हता.

मामंजी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, “हं. हिला सांगू नको.” आणि दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी, नवा घोळ, नवं भांडण.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी पापनाशमहून सासूबाईंच्या बहिणीचं पत्र आलं. सासूबाई खांबाला टेकून मला वाचून दाखवू लागल्या. चार पानं, तमिळ अक्षरं, मराठी मजकूर. भात कापून झाला, गाय व्याली, दूरचे पाहुणे आले होते, धाकटीनं दार लावून घेतलंय, बोलत नाही. सगळं झरझर, न अडखळता. भात म्हणजे भात, दूर म्हणजे दूर, दार म्हणजे दार. मी ऐकत होते आणि माझ्या हातातली सोलायची शेंग तशीच राहिली.

“आई,” मी म्हटलं, “तुम्हाला सगळं नीट वाचता येतं.”

सासूबाईंनी पत्राची घडी घातली.

“एसएसएलसीला, तुमच्या मॅट्रिकला, तमिळमध्ये पहिली आले होते ग मी.”

“मग त्या चिठ्ठ्या?”

त्यांनी घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी भिंतीशी बोलले. आता दिवसाला सहा-सहादा आत येतात. भांडतात. तूर का नाही, म्हणून अर्धा तास उभे राहिले त्या दिवशी, बघिटलंस ना? नाव ठरलं की परत तिण्णैवर जाऊन बसतील, रस्त्याकडे बघत.” आणि एकदम ओशाळून हसल्या. “एवढं नाव लांबलं तर कुणाचं काय जातंय?”

काय जातंय ते मला माहीत होतं. मामंजींनी सांगू नको म्हटलं होतं, पण मी बार्शीची, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी सगळं सांगून टाकलं. मुरुगेसन, संगणक, बज्जीवाला, उद्याची भोगी. सासूबाईंचा चेहरा उतरला. “मला कुणी सांगिटलं नाही,” एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून पाणी प्यायल्या.

संध्याकाळी मामंजी आले ते तडक खिळ्याकडे. चिठ्ठी लावली आणि नेहमीसारखे कमरेवर हात ठेवून, भांडायच्या तयारीनं उभे राहिले. एव्हाना ती अक्षरं मलाही लागत होती; मी वाकून पाहिलं. ‘बोल’ लिहिलं होतं. ब ला तिथं प चंच अक्षर, म्हणजे आता ‘पोल’ होणार, आणि तमिळमध्ये पोल म्हणजे ‘सारखं’. कुणासारखं, कशासारखं, असा तासभर तरी वाद होता.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. चिठ्ठीसमोर गेल्या. स्वच्छ वाचलं.

“बोल.”

आणि जीभ चावली. उभ्या जन्मात नवऱ्याला अहोजाहो सोडून हाक मारली नव्हती, आणि आज तोंडावर ‘बोल’ म्हणून बसल्या होत्या. “अय्यो, तुम्हाला नाही म्हटलं... लिहिलंय ते वाचिटलं!”

मला वाटलं, मामंजी आता आनंदानं उडी मारतील. ते तसेच उभे राहिले. मुलीचं लग्न ठरलं म्हणावं आणि बापाला ते मोडल्याचं ऐकू यावं, तसा चेहरा. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, “तू सांगिटलंस.”

भोगीच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर छापखान्यात गेले. दारोदार जुन्या चटया, केरसुण्या पेटवलेल्या, गल्लीभर धूर. ते माझ्यापुढे दोन पावलं चालत होते. मला राहवेना.

“मामंजी, त्या मुद्दाम चुकीचं वाचत होत्या, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“तारेत निम्मी अक्षरं गळलेली असतात ग. तरी मजकूर कळतोच. हिला वाचता येतं हे मला कळणार नाही?”

“मग नाव देऊन का नाही टाकलंत? आज ती पानं गेली असती.”

“गेली असती.”

“अकरा वह्या, मामंजी!”

“परत लिहिता येतात,” ते म्हणाले. “ही इतकं बोलते हे मला माहीतच नव्हतं बघ. आवाज कसा चढवते, हात कसा नाचवते... आणि मी तिकडे दुसऱ्यांच्या तारा...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. धुरानं डोळे चुरचुरतात असं दाखवत पंच्यानं तोंड पुसलं. मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि रडूही आलं. उगाच मध्ये पडले असं वाटलं.

पोंगल झाल्यावर पुस्तक आलं. हिरव्या मुखपृष्ठावर काळ्या अक्षरांत ‘बोल’. मामंजींनी पहिली प्रत न बोलता देवघराच्या पायरीवर ठेवली, ती सासूबाईंनी न बोलता उचलली. आठ दुपारी वाचत होत्या. वाचून झाल्यावर ट्रंकेत नव्या लुगड्याखाली ठेवली. कशी वाटली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मामंजींनी विचारलं नाही. ते तिण्णैवर, त्या चुलीपाशी. खिळा रिकामा. घर असं शांत झालं की मला बाहेरच्या सायकलींच्या घंट्या मोजता यायला लागल्या.

वाचून झाल्याच्या चौथ्या दिवशी, भात शिजत असताना, सासूबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, दुसऱ्या कादंबरीचं नाव काय ठेविलंत?”

दुसरी कादंबरी नव्हती. तिची एक ओळ नव्हती, वही नव्हती, घरात कुणी तिचा विषयही काढला नव्हता.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग एका पायात चप्पल, हातात पेन्सिल अशा थाटात मामंजी आत आले.

“आहेत ना, दोन-तीन आहेत, पण अजून पक्कं नाही,” ते म्हणाले, “एक जरा लांब वाटतं, एक मला आवडतं पण तू काय वाचशील त्याचा नेम नाही, थांब, लिहूनच दाखवतो, तू आधी तो भात उतरव.”

सासूबाईंनी भात उतरवला. मी सोलायच्या शेंगांनी भरलेलं सूप उचललं आणि मागच्या दारी जाऊन बसले.