गाठ जोडीदाराची

गावित बाई आधी माणसाच्या बाहीकडे बघतात, मग तोंडाकडे. एकदा जव्हारहून खोडाळ्याला जाणाऱ्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. कंडक्टर तिकिटं देत आला. तो लहानपणी बाईंच्या स्काउट कॅम्पला होता, हे मला नंतर कळलं. बाईंनी पैसे मुठीत धरून विचारलं, "बिल्ला कुठाय?"

"बाई, मी ड्युटीवर आहे."

"मग मी काय लग्नाला चाललेय?"

बाई आमच्या शेजारी राहतात. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी नाशिकला इंग्रजी शाळेत शिकले, कुठल्या कॅम्पला गेले नाही. त्यामुळे बाईंच्या लेखी माझं बालपण अजून व्हायचंय.

दर मे महिन्यात खोडाळ्याजवळच्या माळावर त्या मुलांचा कॅम्प भरवतात. कॅम्प संपताना प्रत्येकाला बाहीवर शिवायला त्या वर्षीचा कापडी बिल्ला मिळतो. एका वर्षी बिल्ल्यासाठी मोहाचं फूल काढून दिलं होतं, भरतकामवाल्याने लसणीचे गड्डे भरून पाठवले. परत पाठवू या, असं सगळे म्हणत होते. बाई म्हणाल्या, "आला तसा शिवायचा." ते लसणीचं वर्ष. आजही आमचा दूधवाला सांगतो, "लसणीच्या वर्षी आमच्या पाड्यावर लाइट आली."

शिवायचीही रीत आहे. टाके आपले आपण घालायचे, शेवटची गाठ मात्र तंबूतल्या जोडीदाराने मारायची. मी कारण विचारलं होतं.

"एका तंबूत राहिलं की भांडण होतंच," बाई म्हणाल्या. "गाठ मारायची म्हणजे जवळ बसावं लागतं. बोलावंच लागतं."

बाईंच्या जोडीदार साखरशेतच्या वाघ बाई. त्याही शिक्षिका. दोघींचं भांडण ठरलेलं, खिचडीतल्या मिठावरून. वाघ बाई म्हणणार कमी, गावित बाई म्हणणार बरोबर. मुलं ताटल्या घेऊन ऐकायला जमायची म्हणे. शेवटच्या दिवशी वाघ बाई गाठ मारून द्यायच्या, बिल्ला कुठल्याही रंगाचा असो, दोरा लालच. बाई आपले बिल्ले घोंगडीवर शिवतात. ती त्यांच्या ओट्यावर वाळत पडलेली असते आणि प्रत्येक बिल्ल्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसतो.

गेल्या थंडीत वाघ बाई वारल्या. बाईंनी आमच्याकडे तो विषय काढला नाही. एप्रिलमध्ये एक दिवस आल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "हिला कॅम्पला नेते. माझ्या तंबूत जागा आहे." मला कुणी विचारलं नाही. मी बॅग भरली.

गणवेशाची निळी साडी नेसल्या की बाई पुस्तकातलं मराठी बोलतात. पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "मीठ कसे आहे?"

"छान आहे, बाई."

"नीट चाखून सांग."

"खरंच छान."

खिचडी अळणी होती. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तंबूची ही बाजू माझी आहे." मी बॅग उचलली.

"अगं, लगेच काय उचलतेस?"

मी सॉरी म्हणाले. त्या पाय आपटत बाहेर गेल्या. रोज असंच काहीतरी व्हायचं. मला वाटलं, मला आणल्याचा त्यांना पस्तावा होतोय.

शेवटच्या दिवशी सगळी मुलं सुईदोरा घेऊन जोडीजोडीने बसली. बाईंनी टाके घातलेच नव्हते. मी सुई पुढे केली, तर त्यांनी घोंगडी आपल्याकडे ओढून घेतली.

"राहू दे. आपले भांडण कुठे झाले आहे?"

असं म्हणून त्यांनी बिल्ला सेफ्टी पिनेने अडकवला. मी माझा पर्समध्ये टाकला.

जूनमध्ये त्यांची बॅटरी परत द्यायला गेले, तर घोंगडी ओट्यावर तशीच. बिल्ला पिनेला लोंबत होता. पिनेला गंज चढला होता. बाई घरातल्या साडीत चहा पीत होत्या.

"यंदा खिचडी बरी झाली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नाय?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. मग पुन्हा त्या पिनेकडे लक्ष गेलं.

"अळणी होती, बाई. रोज. आणि तुम्ही घोरता."

कप बशीत आदळला. "कोण? मी?"

"तंबू हलतो."

"वाघीण पन असंच बोलायची. लबाड बाई व्हती ती!" बाई उठून आत गेल्या. बराच वेळ डबे वाजत राहिले. बाहेर आल्या तेव्हा हातात सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ होतं. पदराने डोळे पुसून झाले होते.

"मला दिसत नाय. तू ओव."

त्यांनी टाके घातले. मग घोंगडी माझ्या मांडीवर आली.

"गाठ तिरकी गेली तर?"

"जाईल तशी जाऊ दे. तुझा बिल्ला कुठाय?"

मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरून हाताने सारखा केला.

"मीठ बरोबर व्हतं," त्या म्हणाल्या.

"कमी होतं," मी म्हणाले आणि गाठ मारली.