मुद्देमाल चिवचिवतो

कलावतीबाईंच्या कोंबड्यांना मर लागली आणि आठवड्याभरात खुराडं ओस पडलं. उरली ती टोपलीतली नऊ अंडी. उबवायला उसनी कोंबडी मागावी, तर कल्याणच्या त्या अख्ख्या आळीत कुणाकडे पीसदेखील शिल्लक नव्हतं.

"मी उबवतो," महिपतराव म्हणाले.

कलावतीबाईंनी नवऱ्याला खालून वर न्याहाळलं. "बसा की. पण आधी अंगानं जरा हलकं व्हा!"

महिपतराव पोलिसातले पेन्शनर जमादार. ठाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर पहाऱ्याला असताना त्यांनी अंडी उबवायची पेटी पाहिली होती. कोंबडी नाही, काही नाही. नुसता दिवा आणि गरम पाणी. त्या आठवणीवर त्यांनी सुताराकडून पेटी करवली, हवेला भोकं पाडली, वर तांब्याचा डबा बसवून त्याला तोटी लावली, बाजूला घासलेटचा दिवा ठेवला आणि माजघराला आतून कडी घालून तिथंच मुक्काम ठोकला. वात मोठी झाली तर अंडी शिजणार, बारीक झाली तर गारठणार. जमादार अंडी एकेक करून गालाला लावून पाहत. आयुष्यात पोटच्या पोरांचं अंगही त्यांनी इतक्यांदा पाहिलं नव्हतं.

समोरच काळुरामचं परवान्याचं दारूचं दुकान होतं. बंद खोली, तांब्याचा डबा, तोटी, अखंड जाळ. काळुरामनं ताडलं, जमादार घरातच दारू गाळतायत.

"जमादार, काय शिजतंय आत?"

"तयार होऊ दे. मग अख्ख्या आळीला दाखवतो!"

काळुराम तडक आबकारी कचेरीत गेला.

तिसरा आठवडा सरत आला आणि आबकारीचे इन्स्पेक्टर त्र्यंबकराव शिपाई घेऊन दारात उभे राहिले. माणूस नवा, तरुण, सोवळ्याचा आणि कायद्याचा सारखाच कडक.

"भट्टी उघडा!"

"भट्टी कुठली? अंडी आहेत, साहेब."

"कोंबडीवाचून अंडी उबतात? मला शिकवता? विझवा तो दिवा!"

पिल्लं दोनचार दिवसांवर आलेली. आता दिवा विझला म्हणजे सगळं मुसळ केरात. पण तीस वर्षांची जमादारी कामी आली. महिपतराव ताठ उभे राहिले.

"खुशाल विझवा. पण मुद्देमाल सापडला तसा हजर करायचा असतो. दिवा जळता सापडला. विझवलात, तर पुराव्यात हात घातलात म्हणून मामलेदारांपुढं मीच सांगेन."

त्र्यंबकराव घुटमळले. "मग आत्ता उघडून पाहतो."

"पाहा. दारू निघाली, तर पंचांवाचून का उघडली विचारतील. अंडी निघाली, तर आंघोळ तुम्हालाच."

पेटीला लाखेची मोहोर लागली, आणि दिव्यासकट ती मामलेदार कचेरीकडे निघाली. वाऱ्यानं ज्योत फडफडली की त्र्यंबकराव स्वतःचं उपरणं आडवं धरत. कचेरीत कळलं, मामलेदारसाहेब गावगन्ना फिरतीवर. आता मुद्देमाल सोडून जायचा कसा? इन्स्पेक्टर तिथंच राहिले. घासलेट तेच घालत, वात तेच सारत, महिपतराव ओसरीवरून नुसतं सांगत, "थोडी बारीक. हं, बास."

एके सकाळी पेटीत टकटक झाली. त्र्यंबकराव दचकून भोकाशी वाकले.

"कोण आहे आत?"

"चिव," आतून उत्तर आलं.

मग दुपारपर्यंत ते भोकाला तोंड लावून बसले. "गप्प बसा! साहेब येईस्तोवर कुणी बाहेर यायचं नाही!" आणि त्यांचा आवाज आला की आतली चिवचिव दुप्पट होई.

मामलेदार आले, पंच आले, मोहोर फोडली. झाकण उघडताच आठ पिवळे गोळे लुटुलुटु बाहेर पडले. फक्त एक अंडं तेवढं वांझ निघालं.

मामलेदार हसून हसून लालबुंद झाले. "त्र्यंबकराव, तुमची दारू चालायला लागली हो! गुन्हा काय नोंदवू? विनापरवाना कोंबडी?"

पण पिल्लं महिपतरावांकडे वळेनात. ती थेट त्र्यंबकरावांच्या जोड्यांपाशी जमली. ते दोन पावलं सरकले, पिल्लंही सरकली. उचलून पेटीत घातली, तर त्यांनी रडून कचेरी डोक्यावर घेतली.

"मुद्देमाल मालकाच्या घरी पोचता करा," मामलेदारांनी हुकूम सोडला.

आणि मग कल्याणनं मिरवणूक पाहिली. पुढं मान खाली घालून इन्स्पेक्टर, मागं आठ पिल्लं, त्यामागं पेटी घेतलेला शिपाई आणि शेवटी, मिशीला पीळ भरत, लग्नातल्या वरबापासारखे महिपतराव. काळुराम दुकानाचं फळकूट लावून आत बसला.

कलावतीबाई भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो त्र्यंबकरावांवरून ओवाळून टाकला.

"या हो. बाळंतीण उन्हात चालत आली, दमली असेल!"

सगळी आळी खो खो हसली. त्र्यंबकराव कानापर्यंत तांबडे झाले आणि ओट्यावर टेकले. पिल्लं त्यांच्या धोतराच्या सोग्याखाली शिरली. कलावतीबाईंनी कण्यांची वाटी बाहेर आणली, तेव्हा ते इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले,

"इकडे द्या. त्या लहानग्याला बाकीचे खाऊ देत नाहीत."